कात्री चालते ती नकलेवर

जीवशास्त्राच्या पुस्तकात इंट्रॉनची ओळख बहुधा एका वाक्यात उरकली जाते: जनुकाच्या ज्या तुकड्यांवरून प्रथिन बनतं ते एक्सॉन, आणि मधले जे तुकडे कापून टाकले जातात ते इंट्रॉन. वाक्य खोटं नाही. पण ते वाचून मनात जे घर करतं ते खरं नाही. कापून टाकलेलं म्हणजे नको असलेलं, नको असलेलं म्हणजे बिनकामाचं, अशी समजूत पायरीपायरीने खाली उतरत जाते आणि इंट्रॉन म्हटलं की कचरा आठवतो. मला या एका वाक्यापाशीच रेंगाळायचं आहे. कापलं जातं ते नेमकं काय? आणि कापलं जाण्याआधी त्याने काय काय केलेलं असतं?

मुळापासून घेऊ. जनुक म्हणजे डीएनएचा एक पट्टा. एखादं प्रथिन हवं असलं की आरएनए पॉलिमरेज नावाचं यंत्र त्या पट्ट्यावरून सरकत जातं आणि अक्षरामागून अक्षर जुळवत आरएनएची नक्कल काढतं. याला प्रतिलेखन म्हणतात. नक्कल निघते ती अख्ख्या पट्ट्याची, एक्सॉन आणि इंट्रॉन दोन्हींसकट. मग त्या नकलेतून इंट्रॉन कापले जातात, एक्सॉनची टोकं सांधली जातात, आणि ही आटोपशीर नक्कल केंद्रकाबाहेर जाते. तिच्यावरून प्रथिन तयार होतं.

हे मधले तुकडे पहिल्यांदा ध्यानात आले १९७७ साली, आणि तेही थेट डोळ्यांना दिसून. एमआयटीमध्ये फिलिप शार्प, सुझन बर्जेट आणि क्लेअर मूर, तर कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत रिचर्ड रॉबर्ट्स, लुईस चाऊ आणि त्यांचे सहकारी अ‍ॅडिनोव्हायरसवर काम करत होते. शार्प यांच्या गटाने या विषाणूचा तयार आरएनए त्याच्याच डीएनएला चिकटू दिला आणि ती जोडी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरली. आरएनए या डीएनएवरूनच उतरलेला, तेव्हा दोघे सलग जुळायला हवे होते. तसं झालं नाही. डीएनएचा धागा तीन ठिकाणी फासासारखा बाहेर आला होता. तेवढ्या भागाला आरएनएमध्ये जोडीदारच नव्हता. या शोधासाठी १९९३ साली शार्प आणि रॉबर्ट्स यांना नोबेल मिळालं.

त्या छायाचित्रांमध्ये एक गोष्ट उघड्यावर आहे, आणि तरी ती नजरेतून निसटते. बाहेर आलेले फास डीएनएचे आहेत. तुकडे गेले ते आरएनएतून. डीएनए जिथल्या तिथे आहे.

माझं सगळं म्हणणं या फरकावर उभं आहे. गावच्या दप्तरात एक मूळ नोंदवही असते आणि तिच्यावरून लोकांना नकला दिल्या जातात. नकलेत काही ओळी गाळल्या म्हणून नोंदवहीतल्या ओळी पुसल्या जात नाहीत. आता अशी कल्पना करा, की नक्कल कोणत्या कचेरीला द्यायची, केव्हा द्यायची, किती प्रती काढायच्या, याचे शेरे नेमके त्या गाळायच्या ओळींमध्येच लिहिलेले आहेत. मागणाऱ्याच्या हाती ते शेरे कधीच पडणार नाहीत, पडण्याची गरजही नाही. पण ते नसतील तर नक्कलच निघणार नाही, किंवा भलत्याच कचेरीत निघेल. इंट्रॉनचं असंच आहे. त्याची आरएनए-नक्कल काही मिनिटांत कापून मोडीत निघते. मूळ इंट्रॉन डीएनएमध्ये प्रत्येक पेशीत जन्मभर बसून असतो आणि नक्कल काढायची की नाही या निर्णयात भाग घेतो.

आकार पाहिला तर हा भाग दुर्लक्ष करण्याजोगा नाहीच. माणसाच्या जीनोममध्ये सुमारे तीन अब्ज अक्षरं आहेत. त्यांपैकी प्रथिनांचा मजकूर जेमतेम एक-दीड टक्का, तर इंट्रॉनांनी किमान एक चतुर्थांश जागा व्यापलेली आहे. स्नायूंमधल्या डिस्ट्रॉफिनचं जनुक सुमारे बावीस लाख अक्षरांचं, आणि कापाकापी होऊन उरणारी नक्कल सुमारे चौदा हजारांची. ती एक नक्कल पूर्ण व्हायला सोळा तासांच्या आसपास वेळ लागतो. एवढा खर्च पेशी करते म्हणून इंट्रॉनचं प्रत्येक अक्षर कामाचंच असेल, असं मात्र मी म्हणणार नाही. बहुतेक इंट्रॉनांचा मोठा भाग पिढ्यानपिढ्या मोकाट बदलत आलेला आहे आणि त्याने काही बिघडलेलं दिसत नाही. कामाची असतात ती त्या पसाऱ्यातली मोजकी ठिकाणं, शे-दोनशे ते हजारभर अक्षरांची.

असं पहिलं ठळक ठिकाण १९८३ साली हाती लागलं. त्याच्या दोनच वर्षं आधी झुरिकमध्ये वॉल्टर शाफ्नर यांच्या गटाने एका विषाणूच्या डीएनएत असा तुकडा दाखवला होता, जो जनुकाच्या पुढे ठेवा, मागे ठेवा, उलटा ठेवा, प्रतिलेखन वाढवतोच. अशा तुकड्याला एन्हान्सर म्हणतात. मग प्रश्न आला, प्राण्यांच्या स्वतःच्या जनुकांना असे एन्हान्सर असतात का? शाफ्नर यांचा गट आणि एमआयटीमध्ये सुसुमु टोनेगावा यांचा गट, दोघांनाही उंदरांच्या पेशींत तो सापडला. अँटिबॉडीच्या जड साखळीच्या जनुकात, आणि जनुकाच्या आत, इंट्रॉनमध्ये. तो तुकडा काढला की अँटिबॉडी बनणं कोसळायचं. शिवाय हा एन्हान्सर लिंफोसाइट या रक्तातल्या पांढऱ्या पेशींतच काम करायचा, इतर पेशींत घातला तर गप्प राहायचा. माणसाच्या या जनुकातही तो त्याच इंट्रॉनमध्ये आहे.

काम चालतं ते असं. एन्हान्सरमध्ये काही लहान अक्षरजुळण्या असतात आणि त्या ओळखून तिथे येऊन बसणारी प्रथिनं असतात. ती प्रथिनं काही ठरावीक जातींच्या पेशींतच असतात. ती बसली की डीएनएला बाक येतो, एन्हान्सर आणि जनुकाच्या तोंडाशी असलेला प्रमोटर जवळ येतात, आणि पॉलिमरेजला कामाला लागण्याचा इशारा मिळतो. मग नकला भराभर निघू लागतात. म्हणजे पॉलिमरेज इंट्रॉनपर्यंत पोचण्याच्याही आधी इंट्रॉनने आपलं काम केलेलं असतं.

पण आजवरचा सगळ्यात बोलका दाखला मला वेगळाच वाटतो, आणि तो आपल्या मुलखाशी फार जवळून जोडलेला आहे. तो सिकलसेलचा.

विदर्भात गडचिरोली-चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत, आणि इकडे नंदुरबारच्या सातपुड्यात, सिकलसेल हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वाहकाला 'एएस पॅटर्न', पीडिताला 'एसएस पॅटर्न' हे आरोग्यसेवकांच्या रोजच्या बोलण्यातलं. आजाराचं मूळ हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या एका बदलात आहे. त्या बदलामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ दोरे होतात, तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हाडं फोडून काढणाऱ्या वेदना त्यातूनच येतात.

आता एक जुनं निरीक्षण. सिकलसेलचं बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. त्रास सुरू होतो सहा महिन्यांच्या सुमाराला. न्यूयॉर्कमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली नवजात बाळांच्या रक्तात कोयत्यासारख्या पेशी फारच कमी दिसतात हे नोंदवलं आणि त्याचा संबंध गर्भातल्या हिमोग्लोबिनशी लावला. गर्भात आपण वेगळं हिमोग्लोबिन वापरतो. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते, आणि गॅमा त्या चिकट दोऱ्यांत सामील होत नाही. जन्मानंतर गॅमाचं जनुक हळूहळू बंद पडतं, बीटाचं चालू होतं, आणि त्याबरोबर आजार उघडा पडतो. म्हणजे गॅमाचं बंद झालेलं जनुक पुन्हा उघडता आलं तर औषध सापडलं. पण बंद करतंय कोण?

मोठ्या वयातही ज्यांच्या अंगात गर्भातलं हिमोग्लोबिन थोडं जास्त राहतं अशा लोकांचे जीनोम चाळून २००७ आणि २००८ साली उत्तर मिळालं. फरकाची अक्षरं दुसऱ्या गुणसूत्रावर, बीसीएल११ए नावाच्या जनुकात होती. २००८ मध्ये बॉस्टनला विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी दाखवलं, की बीसीएल११एचं प्रथिन कमी केलं तर गॅमा पुन्हा बनू लागतो. पहारेकरी सापडला. मग त्याला काढून टाका, एवढंच उरलं असं कोणालाही वाटेल. पण या पहारेकऱ्याला शरीरात इतर नेमणुकाही आहेत. बी-लिंफोसाइट त्याच्यावाचून घडत नाहीत. मेंदूच्या वाढीला तो लागतो. ज्या मुलांमध्ये या जनुकाच्या दोनपैकी एक प्रत बिघडलेली असते त्यांचा बौद्धिक विकास अडतो. जनुक मोडून चालणार नव्हतं.

आणि इथे इंट्रॉन पुढे येतो. लोकांमधले फरक होते ते बीसीएल११एच्या एक्सॉनमध्ये नव्हतेच. ते दुसऱ्या इंट्रॉनमध्ये होते. प्रथिनाचं एक अक्षरही न बदलता गर्भातलं हिमोग्लोबिन कमी-जास्त होत होतं. २०१३ साली डॅनियल बाउअर, ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी त्या इंट्रॉनमध्ये एक एन्हान्सर दाखवून दिला, जो फक्त तांबड्या पेशींच्या घराण्यात जागा असतो. उंदराच्या तांबड्या पेशींतून तो काढला तर बीसीएल११ए जवळजवळ थांबतं. बी-लिंफोसाइटांच्या घराण्यातल्या पेशींतून तोच तुकडा काढला तर काहीही फरक पडत नाही. पुढे २०१५ मध्ये त्यांनी तो भाग बारीक विंचरून काढला आणि सगळं एका नाजूक जागेवर येऊन ठेपलं. जनुकाच्या सुरुवातीपासून सुमारे अठ्ठावन्न हजार अक्षरं आत, जी-ए-टी-ए अशी जुळणी, जिच्यावर गाटा-१ नावाचं प्रथिन बसतं. तांबड्या पेशी घडवणारं प्रमुख प्रथिन हेच. मेंदूच्या पेशीत ते नसतं, म्हणून मेंदूला या जागेशी काही देणंघेणं नाही.

क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राचं पहिलं औषध, कॅसजेव्ही, याच जागेवर कापतं. रुग्णाच्या रक्तातल्या मूळ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या डीएनएत दुसऱ्या इंट्रॉनमधली ती जुळणी तोडायची, दरम्यान केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करायची आणि दुरुस्त पेशी परत सोडायच्या. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये सिकलसेलसाठी याला मान्यता दिली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तपासता आलेल्या ३० रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने तीव्र वेदनेचा एकही झटका आला नाही.

आता या उपचाराकडे आपल्या मुद्द्याच्या अंगाने पाहा. कापल्यावर डीएनए पुन्हा सांधला जातो खरा, पण सांध्यावर चार-दोन अक्षरं गळतात किंवा वाढतात. हे वण एक्सॉनमध्ये पडले असते तर प्रथिनाचा मजकूरच बिघडला असता. इंट्रॉनमध्ये पडल्यामुळे ते नकलेत उतरतात आणि इंट्रॉनबरोबर कापून टाकले जातात. त्या मूळ पेशींपासूनच पुढे बी-लिंफोसाइटही घडतात. त्यांच्या डीएनएतही तोच वण असतो, आणि त्यांचं बीसीएल११ए प्रथिन मात्र अक्षरशः जसंच्या तसं निघतं. हुकूम मोडला, मजकूर शाबूत राहिला. इंट्रॉन नकलेतून गळतो आणि मूळ प्रतीत काम करतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या नसत्या तर हे औषध बनूच शकलं नसतं.

त्याची अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर आहे. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या किंवा नंदुरबारमधल्या धडगावच्या घराला या आकड्याचा काही अर्थ नाही, आणि ही बोच मला या सगळ्या विज्ञानाच्या आनंदापेक्षा लहान वाटत नाही. तिथे आज हाती आहे ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी. तीही वेगळ्या वाटेने गर्भातलं हिमोग्लोबिनच वाढवते. भारतातल्या बहुतेक सिकलसेल रुग्णांमध्ये अरब-भारतीय म्हणून ओळखली जाणारी जनुकीय पार्श्वभूमी असते, आणि तिच्याबरोबर हे हिमोग्लोबिन मुळातच जरा जास्त असतं. म्हणून आजार सौम्यच असतो असं समजू नये. तीव्र आजाराची मुलं नागपुरातल्या डॉक्टरांनी भरपूर पाहिली आहेत.

इंट्रॉनमधला बिघाड म्हटलं की तो नेहमी नियंत्रणाचाच असतो असंही नाही. थॅलेसेमियाच्या रिपोर्टवर आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा जो बदल लिहून येतो, 'आयव्हीएस १-५', तो बीटा ग्लोबिनच्या पहिल्या इंट्रॉनचं पाचवं अक्षर बदलल्यामुळे होतो. तिथे कापण्याची खूणच पुसट होते आणि नक्कल चुकीच्या जागी कापली जाते. हा कात्रीचा दोष. बीसीएल११एचा मामला कात्रीच्या आधीचा, नक्कल काढावी की नाही याचा.

एन्हान्सर ज्या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये बसला आहे त्याचाच तो चाकर असेल, असंही धरून चालता येत नाही. हात-पाय घडवणारं सोनिक हेजहॉग हे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. हातापायांच्या अंकुरात त्याला चालू करणारी सुमारे आठशे अक्षरं दहा लाख अक्षरांवर, एलएमबीआर१ या भलत्याच जनुकाच्या पाचव्या इंट्रॉनमध्ये आहेत. त्यांत एक अक्षर बदललं तर बाळाला अंगठ्याच्या बाजूला जास्तीचं बोट येऊ शकतं. जपानी संशोधकांनी २००५ साली उंदरांमधून हा तुकडा काढला तेव्हा पिल्लांचे पाय खुरटून गेले, बाकी शरीर धड राहिलं. २०१६ मध्ये बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी उंदरातला तुकडा काढून त्या जागी सापाचा बसवला, तरीही पाय तसेच खुंटले. सापाच्या वंशात पाय गेले त्या वाटेवर हा तुकडाही मोडत गेला होता.

एफटीओ या जनुकाचा धडा आणखी जवळचा. २००७ साली त्याच्या पहिल्या इंट्रॉनमधले बदल लठ्ठपणाशी जोडले गेले, आणि सात वर्षं बहुतेकांनी एफटीओ प्रथिनाचाच पाठलाग केला. २०१४ मध्ये कळलं, की त्या इंट्रॉनचा हात पाच लाख अक्षरांपलीकडच्या आयआरएक्स३ या जनुकापर्यंत पोचतो. दरम्यान पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं होतं, की आपल्याकडे याच बदलांचा टाइप-२ मधुमेहाशी घट्ट संबंध आहे आणि वजनाच्या आकड्याने तो पूर्णपणे समजत नाही.

इथवर इंट्रॉन म्हणजे शेरे लिहिण्याची जागा, एवढंच आपण पाहिलं. पण खुद्द कापण्याची क्रियाही प्रतिलेखनाला रेटा देते. १९८८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात राल्फ ब्रिन्स्टर यांच्या गटाने तेच जनुक एकदा इंट्रॉनसकट आणि एकदा इंट्रॉन वगळून उंदरांत घातलं. इंट्रॉन असलेल्या जनुकाचं प्रतिलेखन दहा ते शंभर पट जास्त झालं. गंमत अशी, की बशीत वाढवलेल्या पेशींत हा फरक फारसा दिसला नाही. तो जिवंत, वाढणाऱ्या प्राण्यात दिसला. नंतर कारणंही उलगडत गेली. इंट्रॉनच्या सुरुवातीची खूण ओळखणारा यू१ नावाचा घटक प्रतिलेखन सुरू करणाऱ्या टीएफ-टू-एच या प्रथिनसंचाशी जोडलेला सापडला. पहिला इंट्रॉन जनुकाच्या तोंडाजवळ असेल तर तिथे सक्रिय जनुकाच्या रासायनिक खुणा जास्त दाट उमटतात, हे माणसाच्या आणि उंदराच्या जनुकांत २०१२ साली दिसलं. २०१० मध्ये गिडियन ड्रायफस यांच्या गटाने दाखवलं, की यू१ अडवला तर हजारो जनुकांची नक्कल सुरुवातीच्याच इंट्रॉनमध्ये अर्धवट तुटते. म्हणजे जो घटक कापायची जागा दाखवतो, तोच नक्कल वेळेआधी तुटू नये म्हणून राखणही करतो.

या सगळ्याचा एक परिणाम दवाखान्यापर्यंत येतो. आता पुण्या-मुंबईतच नव्हे, लहान शहरांतही मुलाच्या आजाराचं निदान होत नसेल तर एक्झोम तपासणी सुचवली जाते. तिच्यात एक्सॉन आणि त्यांच्या कडेची थोडी अक्षरं वाचली जातात. आयव्हीएस १-५ सारखा कडेचा बदल त्यात सापडतो. इंट्रॉनच्या पोटात हजारो अक्षरं आत बसलेला एन्हान्सर त्या जाळ्यात येत नाही. जास्तीच्या बोटाने जन्मलेल्या बाळाचा एक्झोम रिपोर्ट म्हणूनच कोरा येऊ शकतो आणि दोष एलएमबीआर१च्या पाचव्या इंट्रॉनमध्ये असू शकतो. तो शोधायचा तर संपूर्ण जीनोम वाचून घ्यावा लागतो, किंवा घराण्यात आधी असं कोणी असेल तर डॉक्टरांना ते सांगून त्या आठशे अक्षरांची वेगळी तपासणी मागावी लागते.